वगळलेले चार महिने

कोंडीराम साळवे गेला त्याला येत्या आषाढात वर्ष होईल. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पुस्तिकेसाठी त्याच्यावर पानभर मजकूर लिहून द्या, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलं. पानभर लिहायला मला अर्धा तास पुरला असता. नोकरी भोसरीच्या फाउंड्रीत, प्रभूच्या कार्यात हिरिरीनं भाग, मागे पत्नी आणि दोन मुली. असे मजकूर मी आजवर डझनावारी लिहिले आहेत. गेलेल्या माणसाबद्दल गुळगुळीत लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण कोंडीरामबद्दल तसं लिहायला मला तोंड राहिलेलं नाही, म्हणून जे झालं तेच लिहितो. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.

आधी माझं सांगतो, कारण खोट माझ्यात आहे. मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा. बाप्तिस्मा घेतला तो आजोबांनी, त्यांनी गावाचा मार खाल्ला, गावच्या विहिरीचं पाणी तोडलं गेलं ते त्यांचं. मला विश्वास मिळाला तो घरातल्या भांड्याकुंड्यांसारखा आयता. १९६३ साली मी चिंचवडला आलो आणि भोसरीच्या एका कंपनीत टाइम स्टडीला लागलो. टाइम स्टडी म्हणजे हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं, एक नग करताना तो किती वेळा वाकतो, किती वेळा वळतो ते टिपायचं, आणि मग साहेबाला सांगायचं की यातल्या अमुक हालचाली फालतू आहेत, त्या काढल्या तर काम लवकर उरकेल. कामगारांना आम्ही डोळ्यांसमोर नको असायचो. मला मात्र त्या कामाचा मोठा अभिमान. कुठल्याही गोष्टीतलं जास्तीचं मला चटकन दिसतं, असं मी चारचौघांत सांगायचो.

आमची उपासना चिंचवडला एका पत्र्याच्या खोलीत भरायची. तीसेक घरं. पाळक खडकीहून महिन्यातून एकदा यायचे, उरलेल्या रविवारी मी बोलायचो. सेक्रेटरीही मीच. मी वचनं पाठ म्हणायचो, मुद्दे काढून समजावायचो, आणि लोक तोंडावर हात धरून जांभया द्यायचे. माझ्या बोलण्यानं बाहेरचा एक माणूस त्या खोलीत आला असेल तर शपथ. माझी बायको एकदा म्हणाली, "तुम्ही प्रभूविषयी बोलता तेव्हा कंपनीचा रिपोर्ट वाचताय असं वाटतं. तुम्हाला तो कधी भेटलाय का हो?" मी तिच्यावर डाफरलो. उत्तर नव्हतं म्हणून डाफरलो, हे तिलाही कळलं असणार.

कोंडीराम आमच्याच कंपनीच्या फाउंड्रीत मोल्डर होता. दिवसभर काळ्या वाळूत उकिडवं बसून साचे भरायचे, मग त्यांत वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्याचं काम. नाताळला धुतलेला सदरा घालण्यापुरता ख्रिस्ती. आणि प्यायचा. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. कंपनीच्या गेटपासून त्याच्या वस्तीपर्यंतच्या वाटेवर, नाल्याकाठी, हातभट्टीचा गुत्ता होता. कायद्यानं दारूबंदी होती आणि गुत्ताही होता. वीस मिनिटांची ती वाट कोंडीरामला दिवेलागणीपर्यंत सरायची नाही, आणि कधी कधी कस्तुराबाई, म्हणजे त्याची बायको, कुणाला तरी घेऊन त्याला उचलून आणायची.

१९६७ साली ईस्टरआधीच्या उपासकाळात त्याच्या शेजाऱ्याकडे प्रार्थनासभा होती. कस्तुराबाईला दिवस गेलेले, शेवटचा महिना. तिच्या आग्रहाखातर तो आला आणि दाराशी चपलांजवळ बसला. मी प्रार्थना करत होतो, माझ्या नेहमीच्या ठोकळेबाज शब्दांत. मधेच कुणीतरी हुंदके देऊ लागलं. डोळे उघडून बघतो तर कोंडीराम. नंतर त्यानं मला सांगितलं, "कुनीतरी 'कोंड्या' म्हणून हाक मारली, नानासाहेब. आय मारायची तशी. रागानं न्हाई." मला त्याचा हेवा वाटला. पंचेचाळीस वर्षं प्रार्थना करून मला कुणी नावानं हाक मारली नव्हती.

त्यानं त्या दिवशी दारू सोडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा प्यायला.

पुढचं जे घडलं त्यात माझा काही हात नाही. कोंडीरामच्या खोलीला लागून भिमाबाई राहायची. बौद्ध. तिचा नवरा दारूनंच गेलेला. पदरात एक मुलगी, आणि पोटासाठी ती मळ्यांत खुरपणीला जायची. कस्तुराबाई बाळंत झाली होती, तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. भिमाबाई तिला म्हणाली, "तू नीज. मी जाते गेटावर." आणि मळ्यातून तीनला निघून साडेतीनला ती आमच्या कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहायला लागली. कोंडीराम बाहेर आला की म्हणायची, "चला, कोंडीभाऊ." आणि नाल्याच्या बाजूनं आपण चालायची, त्याला आतल्या बाजूला ठेवायची.

हे तिनं चार महिने केलं. मधल्या काळात तो चारदा प्यायला. एकदा तिला ढकलून आत शिरला, तर ती गुत्त्यासमोर दगडावर बसून राहिली, तो बाहेर येईपर्यंत. येणारेजाणारे बाप्ये शिट्ट्या मारत होते. एकदा त्यानं तिला आयमायवरून शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी साडेतीनला ती होतीच. परक्या बाईनं परक्या बाप्याला गेटवरून घरी न्यायचं, तेही रोज, म्हणजे वस्तीला चघळायला विषय झाला. तिच्या दिरानं तिला खोली सोडायला सांगितलं. तिनं खोली सोडली नाही आणि गेटवर येणंही सोडलं नाही. आषाढ लागला आणि कोंडीरामची सुटली. पुढे मरेपर्यंत त्यानं थेंब घेतला नाही.

वर्षभरानं एका रविवारी तो आपणहून उभा राहिला आणि हे सगळं त्यानं सांगितलं. आमच्यात याला साक्ष देणं म्हणतात. ज्याच्या आयुष्यात प्रभूनं काही केलं त्यानं उठून ते लोकांना सांगायचं. कोंडीराम पाऊण तास बोलला. हाक सांगितली, तिसरा दिवस सांगितला, दगडावर बसलेली भिमाबाई सांगितली, आणि म्हणाला, "हाक त्येनं मारली, पर हात धराया तिला धाडली." बायका डोळे पुसत होत्या. कुणी जांभई दिली नाही.

मी बघत होतो. इतकी वर्षं जे मला जमलं नाही ते या नुकतीच अक्षरं गिरवणाऱ्या माणसाला जमत होतं, का तर त्याच्याजवळ सांगायला काहीतरी घडलेलं होतं. याला घेऊन आपण गावोगाव जायचं, हे मी तिथंच ठरवलं. आणि यातलं जास्तीचं काय आहे तेही मला तिथंच दिसलं.

त्याला मी घरी बोलावलं, चहा पाजला आणि स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. हसू नका, खरंच ठेवलं. सभेत पाऊण तास कुणी देत नाही, साक्ष सात मिनिटांची हवी, असं त्याला सांगितलं. आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता मी असा आहे, एवढे तीन भाग. बाकी काढायचं. त्यानं दोनदा म्हणून दाखवली. मग घुटमळला.

"नानासाहेब, पर भिमाबाई ऱ्हायली की."

"ती साक्षीत बसत नाही."

"बसत न्हाई म्हंजी? ती नसती तर मी त्या नाल्यातच ग्येलो असतो."

"प्रभू नसता तर, असं म्हण. साक्ष प्रभूची आहे, भिमाबाईची नव्हे."

"व्हय. पर मला वाटतं, त्येनंच तिला धाडली."

"ते तुला वाटतं. ऐकणारे काय समजतील? परक्या बाईबरोबर चार महिने ये-जा. आणि बाई बौद्ध. लोक विचारतील, मग सोडवलं कुणी? आणि चार वेळा पडलास ते कशाला सांगायचं? पडणाऱ्याची साक्ष कोण ऐकणार?"

त्यानं मान डोलावली. दारू सुटल्यापासून मी त्याला अक्षरं शिकवत होतो. पहिल्यांदा सही केली तेव्हा तो माझ्या पाया पडायला वाकला होता. माझा शब्द तो मोडत नसे आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. आज कबूल करतो, प्रभूचा महिमा वगैरे मी तोंडानं म्हणत होतो. आतून मला श्रेय तिकडं जाऊ द्यायचं नव्हतं. आमचे आणि भिमाबाईचे आजे आपापल्या गावात गावकुसाबाहेरच्या सारख्याच आळीत राहिलेले, सारखेच हाकलले गेलेले. तरी आम्ही वेगळे आणि जरा वरचे, ही घाण माझ्या मनात होती.

साक्ष सात मिनिटांत बसली. आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, चाकण, कुरुळीतल्या एका घराचं अंगण, सगळीकडे मी त्याला सायकलच्या मागे बसवून किंवा एस.टी.नं घेऊन गेलो. "त्याच दिवशी सुटली. पुन्हा थेंब शिवलो नाही. जवळ कुणी नव्हतं, प्रभूशिवाय." हे शेवटचं वाक्य माझं. ते म्हणण्याआधी तो एकदा आवंढा गिळायचा. लोकांना वाटायचं, भरून आलं. मीही तसंच सांगायचो. सभेनंतर माणसं पुढे येत, गुडघे टेकत, मी त्यांची नावं वहीत लिहून घेत असे आणि खडकीला रिपोर्ट पाठवत असे. रिपोर्टाखाली सही माझी. अडीच वर्षं हे चाललं. त्या अडीच वर्षांत जी माणसं पुढे आली त्यांतली किती तिसऱ्या दिवशी प्यायली, हे मी कधी विचारलं नाही.

१९७१च्या जानेवारीत कोंडीरामच्या वस्तीजवळच्या मैदानात सभा झाली. आजवर त्याच्या दाराशी सभा घ्यायचं मी टाळलं होतं. या वेळी पाळकसाहेबांनीच जागा ठरवली. पुढच्या सतरंजीवर भिमाबाई येऊन बसली. सोबत तिचा धाकटा भाऊ, चिमाजी. तो तळवड्याच्या बाजूचा, हायवेवरच्या एका कारखान्यात माल चढवायला लागला होता आणि बहिणीकडे राहायचा. तिशीचा, अंगानं दांडगा आणि डोळे कायम लाल. तिनं त्याला मुद्दाम आणलं होतं. कोंडीभाऊ कसा कसा सुटला ते तो सांगेल, नीट ऐक, असं ती त्याला सांगत होती, मी मागेच उभा होतो.

कोंडीराम बोलायला उठला आणि त्याला ती दिसली. तो थांबला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी हातानं खूण केली, चालू ठेव.

त्यानं चालू ठेवलं. "जवळ कुणी नव्हतं, प्रभूशिवाय," असं तो म्हणाला तेव्हा त्याची नजर सतरंजीच्या पलीकडे होती. भिमाबाईनं पदर पुढे ओढून घेतला आणि खाली बघत बसली. चिमाजी मात्र हललेला दिसत होता. पुढे येण्याचं आवाहन झालं तसा तो उठून पुढे गेला आणि गुडघ्यांवर बसला. बौद्ध वस्तीतला माणूस पुढे आला, याचा मला एवढा आनंद झाला की मी त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं.

तो दोन दिवस प्यायला नाही. तिसऱ्या दिवशी प्यायला.

दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी भिमाबाई माझ्या घरी आली. बरोबर कोंडीराम, मान खाली घालून. ती आत आली नाही, पायरीशीच उभी राहिली. साक्षीत तिला वगळलं त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. मी तयारीत होतो, पण ती बोललीच नाही.

"सायेब," ती म्हणाली, "चिमाजीनं हाय खाल्लीया. म्हंतो, कोंडीरामला देवानं येका दिसात सोडवलं आन मला न्हाई, म्हंजी देवाला मी नको हाय. मी त्येच्या गेटावर जाऊन हुबी ऱ्हायले तर म्हंतो, कोंडीरामसाठी कोन हुबं व्हतं? जा घरी. म्या सांगितलं, मीच हुबी व्हते. तर म्हंतो, खोटं बोलतीस. त्यो मानूस देवासमोर बोलला, त्यो खोटं बोलंल का?"



"कोंडीभाऊनं येऊन निस्तं येवढं सांगावं, का मीबी तिसऱ्या दिशी प्यालो व्हतो. बास. बाकी काय नको."

कोंडीराम म्हणाला, "मी आत्ता जातो."

आणि मी म्हणालो, "थांब."

येत्या रविवारी खडकीला मोठी सभा होती. मुंबईहून पाहुणे वक्ते येणार होते. हँडबिलं छापून वाटली होती, त्यांवर कोंडीरामचं नाव होतं आणि "एका दिवसात मुक्ती" असं मीच घातलं होतं. त्यानं आज वस्तीत वेगळं सांगितलं असतं तर उद्या ते खडकीला पोचलं असतं. मी म्हणालो, "रविवार होऊन जाऊ दे. सोमवारी मी स्वतः कोंडीरामला घेऊन येतो आणि चिमाजीला सगळं समजावतो."

भिमाबाई म्हणाली, "सोमवार लांब हाय, सायेब." आणि ती निघून गेली.

कोंडीराम मागे रेंगाळला. "मी गुपचूप सांगून येतो. कुनाला कळनार न्हाई."

"कोंडीराम, मला शब्द दे."

त्यानं दिला. मी तो मागून घेतला, हे लिहिताना आजही मला माझाच तिटकारा येतो.

शनिवारी दुपारी सुट्टी झाल्यावर चिमाजी पिऊन हायवे ओलांडत होता. ट्रकखाली आला. जागच्या जागी गेला.

कोंडीराम त्याला भेटला असता तर तो वाचला असता का, मला माहीत नाही. कदाचित त्याही शनिवारी तो प्यायलाच असता. पण देवाला आपण नको आहोत, असं मनात घेऊन तर तो मेला नसता. एवढं एक वाक्य त्याला मिळायचं होतं आणि ते मी अडवून ठेवलं, एका हँडबिलासाठी.

रविवारी सकाळी वस्तीतून परस्पर कोंडीराम खडकीला आला. आदल्या दिवशी चिमाजीला माती दिली तेव्हाची माती अजून त्याच्या धोतराला होती. व्यासपीठावर गेला आणि सगळं बोलला, पहिल्यांदा बोलला होता तसं. तिसरा दिवस, चार वेळचं पिणं, गेट, दगड, भिमाबाई, आणि काल गेलेला चिमाजी. पाहुणे मधूनमधून घड्याळ बघत होते. मी पहिल्या रांगेत बसून वाट बघत होतो. आता हा माझं नाव घेणार. तो म्हणाला, "हे समदं मी गाळत व्हतो. माझ्या अब्रूपायी गाळत व्हतो. मला क्षमा करा." माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणी मला दुःख झालं नाही, लाजही वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली.

त्या सभेत कुणी गुडघे टेकायला पुढे आलं नाही. पण नंतर नळावर हात धुताना देहूरोडची एक बाई कोंडीरामजवळ आली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी याचीच साक्ष ऐकून पुढे आला होता. ती म्हणाली, "भाऊ, खरंच चार महिने लागले का? आमच्या ह्यांनी चौथ्या दिवशी घेतली, तेव्हा आम्ही सोडूनच दिलं." कोंडीराम तिच्याबरोबर तसाच देहूरोडला गेला. मी चिंचवडला एकटा परत आलो.

पुढे तो कधी व्यासपीठावर चढला नाही. रोज साडेतीनला पहिली पाळी सुटली की तो गेटवर थांबायचा आणि कुणा ना कुणाला घरी पोचवून मग स्वतःच्या घरी जायचा. हिंदू, बौद्ध, मुसलमान, कुणीही. वाटेत विचारलं तरच आपलं सांगायचा आणि सगळं सांगायचा. दहा वर्षांत पाचसहा जण त्यानं असे सोडवले. त्यांतले दोघेच आमच्या खोलीत आले. रिपोर्टात घालायला ते थोडे होते, मी घातले नाहीत.

भिमाबाई त्याच्याशी बोलायची बंद झाली. खडकीला तो काय बोलला ते वस्तीत पोचलंच. म्हणजे अब्रूसाठी त्यानं आपल्याला वगळलं, आपल्या भावाला खोटं सांगितलं आणि विनवूनही, 'आत्ता जातो' म्हणूनही, भिंतीपलीकडून आठवडाभर आला नाही, असं तिच्या हिशेबी झालं, आणि त्याच्याच तोंडचं. दोन खोल्यांमध्ये एक भिंत, दोघांचा नळ एक. तो दिसला की ती पाठ फिरवायची. पाण्याची पाळी आली की ती कस्तुराबाईशीही बोलायची नाही. मुलीच्या लग्नात तिनं सगळ्या वस्तीला बोलावलं, या एका घराला सोडून. कोंडीराम त्या दिवशी दार लावून आत बसला होता, असं कस्तुराबाईनं माझ्या बायकोला सांगितलं.

मी एकदा त्याला म्हणालो, "खरं काय ते तू तिला सांगत का नाहीस?"

तो म्हणाला, "सांगू कसा? तुमी मंडळी चालवताय. लोक तुमाला मानतात. आन जीभ तर माझीच व्हती न्हवं?"

मी जाऊन सांगायचं, हे उघड होतं. त्याला तोंडानं मागावं लागू नये, इतकं उघड. मी ठरवायचो, या आठवड्यात जातो. मग कंपनीत काम निघायचं, नाहीतर पाऊस, नाहीतर आता जखम भरत आली असेल, उगाच खपली कशाला काढा, असा विचार यायचा. अकरा वर्षं मी मूग गिळून बसलो. दर रविवारी उभा राहून पापकबुलीवर बोललोही.

फाउंड्रीच्या वाळूनं त्याची छाती खाल्ली. साठीच्या आधीच तो हाडांचा सापळा झाला. गेल्या आषाढात मी त्याला बघायला गेलो तेव्हा दम खाऊन खाऊन त्यानं एकच गोष्ट मागितली. "भिमाबाईला निरोप धाडा. येकदा येऊन जा म्हणावं." तिची खोली भिंतीपलीकडे होती. मी उठून दहा पावलं चाललो असतो. मी शेजारच्या एका पोरीला पाठवलं. पोरगी परत आली आणि म्हणाली, ती काही बोलली नाही. कोंडीराम छताकडे बघत होता. दोन दिवसांनी तो गेला.

माती देऊन झाल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी भिमाबाईच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. साक्षीतून तिला मी काढलं, कोंडीराम नको म्हणत असताना काढलं. त्या सोमवारी ती गेल्यावर तो गुपचूप चिमाजीकडे निघाला होता, मी त्याचा शब्द घेऊन त्याला थांबवला. खडकीला त्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"त्यो येनार व्हता?"

"हो. त्याच दिवशी. मी अडवलं."

"आन मी बोलत न्हाई ती का न्हाई, त्ये त्येला ठावं व्हतं?"

"हो."

"आन तुमालाबी?"

"हो."

ती रडली नाही. मला वाटत होतं तिनं शिव्या द्याव्यात, काहीतरी फेकून मारावं. ती शांतपणे म्हणाली, "मला येकलीला कशाला सांगता? त्येनं लोकांम्होरं आपलं नाव घेतलं. तुमीबी लोकांम्होरं घ्या. मी येते ऐकाया."

त्या रविवारी ती आली. आमच्या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. दाराजवळ बसली. भजन संपल्यावर मी उठलो. इतकी वर्षं त्याच जागी उभा राहून मी लोकांना दुसऱ्याचं सांगत आलो होतो. त्या दिवशी मी माझं सांगितलं. चिमाजीचंही नाव घेतलं. कुणी "प्रभूची स्तुती असो" म्हटलं नाही. पाळकसाहेब खाली बघत होते. नंतर दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, झालं गेलं ते आता उकरायची काय गरज होती. 

मी दाराशी गेलो आणि हात जोडले. भिमाबाई माझ्या अंगावरून पुढे गेली. आजतागायत ती माझ्याशी बोललेली नाही, आणि बोलावं असं मी म्हणणार नाही.

ती तडक वस्तीकडे चालली होती. मीही मागोमाग निघालो, का ते मला सांगता येणार नाही. ती आपल्या खोलीवरून पुढे गेली आणि कस्तुराबाईच्या दारात थांबली. अकरा वर्षांनी त्या उंबऱ्यावर तिनं हात टेकला आणि खाली बसली. कस्तुराबाई बाहेर आली. भिमाबाई तिला म्हणाली, "कस्तुरे, त्येनं निरोप धाडला तवा मी आले न्हाई. आता मी माफी कुनाला मागू?"

मी रस्त्यात उभा होतो. ती जी माफी मागत होती ती मी मागायची होती.